विज्ञाननिष्ठ कॅमेरा

विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुनाथ सरांचं दिवाळीत चंदीगडच्या मराठी मंडळात 'अंधश्रद्धा सोडा' या विषयावर भाषण होतं. फोटोसाठी त्यांनी अमेरिकेहून मागवलेला नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणला, पण तो काही केल्या सुरूच होईना. "चार्जिंग पक्कं केलंय ना, सर?" म्हणून लोकांनी भंडावलं, तेव्हा त्यांनी झाकण उघडलं. आत बॅटरीवरच कुंकवाचा वाळलेला टिळा आणि दोन अक्षता!

सर चारचौघांत बायकोवर उखडले, "उल्का, दसऱ्याला पूजेत हाच मांडायचा होता? इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतोय, तुझ्या डोक्यात काही शिरत नाही!"

 

"अहो, दसऱ्याला मी सांगलीला माहेरी होते. घरी तुम्ही एकटेच होतात."