मॉनिटरवरचा झेंडू

अगं, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक! अन्वय लग्नाचं शूटिंग करत होता, वरच्या मजल्यावर नवरीच्या खोलीतही कॅमेरा लावलेला, आणि अचानक त्याच्या मॉनिटरवर झेंडूच झेंडू! त्याने केबल बदलली, मॉनिटर बदलला, तरी पाकळ्या थांबेनात.

“कॅप्चर कार्ड गेलं बहुतेक,” तो म्हणाला.

त्याची जोडीदार मृण्मयी किंचाळली, “येड्या, मारामारी दिसली की कॅमेरे हल्ली फुलंच दाखवतात ना!”

दोघांनी धावत जाऊन दार फोडलं. हे लग्न नको असलेला नवरीचा भाऊ गळा चिरलेल्या अवस्थेत मरून पडला होता. कोयता नवरीच्या हातात, तिच्याही खांद्यातून रक्ताची धार.

“आधी त्यानेच वार केला, दादा! तुमच्या कॅमेऱ्यात आलंय ना?” तिने अन्वयला विचारलं.

कॅमेऱ्यात नुसती फुलं. आता पोलीस अन्वयलाच विचारतायत, पहिला वार कुणाचा पाहिलास? तू काय सांगितलं असतंस?