सातव्या भागातली राजकन्या

आमच्या कुडवा गावात राजा-राक्षसांच्या एका व्हिडिओ गेमचा नवा, सातवा भाग पहिल्यांदा माझ्याकडे आला. प्लेस्टेशन माझं, टीव्ही माझा, खेळणाराही मीच. तरी जमलेली सगळी पोरं पाहायची ती खेमराजकडे. तो दरवर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, करतो. पडद्यावरच्या इंग्रजीचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण राजाचा, राक्षसाचा आवाज काढून तो मनानंच अशी गोष्ट रचायचा, की पोरं म्हणायची, "मागच्या भागाहून हा भारी आहे ना बे!" मी बटणं दाबायची आणि टाळ्या त्यानं घ्यायच्या!

राजकन्येला सोडवायला मी किल्ल्याच्या दाराशी पोचलो आणि लाइट गेली. मला वाटलं, आता जातील सगळे. कोणी हललं नाही. अंधारातच आवाज काढून खेमराजनं किल्ल्याचं दार उघडलंसुद्धा.

तासाभरानं लाइट आली, तसा मी झडप घालून टीव्ही लावला. एरवी गेमच्या नावानं बोटं मोडणारी माझी आई लाखोरीची डाळ निवडायला घेऊन कधी येऊन बसली होती, कोण जाणे. ती माझ्यावरच खेकसली,



"काऊन लावून राहिला बे तो टीव्ही? राजकन्या सुटून राहिली ना इकडं!"