ऊं म्हणणारा

बंद पडलेला माग. बाहेरचा आवाज अडवायला खिडकीवर ठोकलेली जाड चादर. सुपारीचा डबा. मोबाइलवरचा लाल ठिपका.

भूदेवी तेलुगूतून भुताची कथा सांगत होती. ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला ‘ऊं’ म्हणायचं, ही त्यांच्या तेलुगू घरातली रीत. जन्मभर तो ‘ऊं’ नवऱ्याने दिला. कथा संपली की सुपारी तोंडात टाकून तो उठून जायचा. तो वारल्यावर तिच्या कथाही आटल्या. सुनेने कथांच्या अ‍ॅपसाठी फारच आग्रह केला, तेव्हा कुठे ती या खोलीत एकटी बसून पुन्हा बोलू लागली.

पहिलंच रेकॉर्डिंग ऐकून सून ओरडली, “अत्तम्मा, आत कुणाला घेतलंत? मध्येमध्ये कोण ‘ऊं’ करतंय? पुसून टाकते.”

“हात तर लाव, मग दाखवते तुला!”

सुनेने पुन्हा ऐकलं. ‘ऊं’मागचा सासऱ्यांचा खोकला ओळखू आला, तसं तिने पुसायला नेलेलं बोट मागे घेतलं.

आता अ‍ॅपवाले रोज विचारतात, शेवटचा भाग कधी?

“सांग त्यांना, ऐकणारा बसलाय अजून,” भूदेवी म्हणते आणि चादर नीट करून लाल ठिपका दाबते.

मूळ कथा चौथ्या भागातच संपली होती.