शेवटून पहिला

कोल्हापुरात दरवर्षी संगणकावरच्या खेळ-गोष्टींची स्पर्धा भरायची. आपण वाक्य टाईप करायचं, की गोष्ट उत्तर देऊन पुढं सरकायची. त्या स्पर्धांचा इतिहास लिहायला घेतलेली अदिती २००६ साली नेसरीला पोचली. अठ्ठ्याण्णवला शेवटून पहिला आलेला सोमेश दोन वर्षांतच वारला होता. तिथल्या घरात त्याची आई, हिराअव्वा, एकटीच होती.

अदितीनं लॅपटॉपवर सोमेशचा खेळ लावला. काहीही टाईप केलं तरी पडद्यावर एकच उत्तर यायचं, 'समजलं नाही.' परीक्षकही तिथंच कंटाळले होते.

"जेवलास का, इचार की त्येला," हिराअव्वा म्हणाली.

अदितीनं टाईप केलं, 'जेवलास का?'



'जेवलो, अव्वा. तू वाट बघत बसू नको.'