घोडमाळावरचे बेडूक

“माळावरचा बेडूक आन खालचा बेडूक एक न्हाई, साहेब,” मनकर्णा म्हणाली आणि शाळेच्या व्हरांड्यात हशा पिकला.

जिल्ह्याहून आलेले अधिकारी हसले नाहीत. घोडमाळावरची खडीची खाण वाढवायची की नाही, यावर गावाचं म्हणणं ऐकायला ते साखऱ्याच्या पुढच्या या लहानशा गावात आले होते. समोर पन्नासेक माणसं होती. निम्म्यांच्या घरचं कोणी ना कोणी खाणीवर कामाला होतं. विरोधात उभी राहिली ती एकटी मनकर्णा. तीस वर्षं तिनं त्या माळावर शेळ्या चारल्या होत्या. चार वर्षांत अर्धा माळ खडी होऊन रस्त्यांखाली गेला होता.

“कशावरून म्हणता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“आवाजावरून. खालचा, वढ्यातला, निवांत बोलते. वरचा घाई करते. खडकातलं पाणी पंधरा दिसांत आटून जाते. त्याच्या आत त्याला लगीन, लेकरं, समदं उरकावं लागते.”

पुन्हा हशा. मनकर्णानं शेजारी बसलेल्या अपर्णाकडे पाहिलं. अपर्णा हिंगोलीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मागच्या पावसाळ्यात ती माळावर आली, तेव्हा मनकर्णानंच तिला खडकातली डबकी दाखवली होती. पाच दिवस संध्याकाळी दोघी तिथं बसल्या. अपर्णानं वरचे आणि खालचे आवाज यंत्रात भरून घेतले. ओढ्यातली मादी वर नेऊन वरच्या नराजवळ सोडली. तो ओरडत राहिला. ती त्याच्याकडे फिरकलीही नाही.

मग अपर्णानं समजावून सांगितलं होतं. माळ आणि ओढा यांच्यामधला उतार म्हणजे नुसता तापलेला काळा कातळ. अंगठ्याएवढा बेडूक तो ओलांडू शकत नाही. वरचे वर राहिले, खालचे खाली. पाणी वेगळं, ऊन वेगळं. हजारो पिढ्या गेल्या आणि आता ते एकमेकांना ओळखत नाहीत. वरची जात या माळाशिवाय दुसरीकडे कुठे असेल, असं वाटत नाही.

एवढं बोलून ती खडकावर बसली होती आणि बराच वेळ तोंड ओंजळीत धरून होती. दमली असेल, असं मनकर्णाला वाटलं होतं.

आज यायला ती तयार नव्हती. मनकर्णानं हिंगोलीला दोन खेपा घातल्या, तेव्हा कुठे आली. आणि आता मान खाली घालून बसली होती.

“म्याडम, सांगा की,” मनकर्णा हळूच म्हणाली. “काहून गप बसून राहिल्या?”

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. “आजी, तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. पण खाण सुरू होण्याआधी माळाची तपासणी झाली होती. त्याचा हा अहवाल. ‘माथ्यावर आणि पायथ्याशी बेडकांची एकच जात आढळली.’ तज्ज्ञानं लिहिलंय. याच अहवालावर परवानगी मिळाली. तो मी कसा बाजूला ठेवू?”

“त्यो लिहिणारा माळावर चढलाच नसंल.” मनकर्णाचा आवाज चढला. “मी रोज वर असते. बेडकं बघणारं कोनी आलं असतं, तर मला दिसलं असतं. खाली जीपमधी बसून लिहिलं त्यानं. अशा मानसाला गावासमोर हुभं करा, साहेब.”

“असा आरोप करू नका. पुरावा आहे तुमच्याकडे?”

मनकर्णाकडे पुरावा नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, “बसा आता, आजी.” ती बसायला वळली, तेव्हा तिला दिसलं, अपर्णा उभी राहिली होती.

“मावशी खरं सांगतात,” अपर्णा म्हणाली. “त्या दिवशी पाऊस होता. मला परतायची घाई होती. ओढ्याजवळ पाहिलं आणि माथ्याच्या रकान्यात ‘तेच’ असं लिहिलं. त्या अहवालाखाली सही माझी आहे.”