माहिती देणारे: माझे आजोबा

सकाळी अकरा वाजता मुंबईच्या मत्स्यालयात राजूरचा म्हातारा सहादेव एका काचेपुढे थबकला. आत हातभर लांबीचा, सोनेरी खवल्यांचा मासा संथ फिरत होता. सातवीतल्या नातीने, मोनिकाने, पाटी वाचली. "महाशीर. आजोबा, हा पूर्वी आपल्या प्रवरेत हुता म्हणं!"

"आमी खडशी म्हनायचो. डोहात लई हुत्या."

"मग गेल्या कुठं?"

सहादेवने नजर काचेवरच ठेवली. "पानी आटलं. मंग गेल्या."

मोनिकाने शाळेच्या प्रकल्पवहीत ते लिहिलं आणि खाली जोडलं, 'माहिती देणारे: माझे आजोबा.' म्हणाली, "सोमवारी वर्गात वाचायचंय. तुमी यायचं हां, बाईंनी बोलवलंय."

तरुणपणी सहादेव विहिरींवर सुरुंग लावायचा. एका उन्हाळ्यात उरलेल्या जिलेटिनच्या कांड्या त्याने त्या डोहात टाकल्या होत्या. मेलेल्या खडश्या दोन दिवस वर येत राहिल्या, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. पुढे तिथे खडशी कुणाला दिसली नाही.

संध्याकाळी पाच वाजता बस घोटीला थांबली. वही छातीशी धरून मोनिका झोपली होती. राजूर तासाभरावर आलं होतं, आणि वहीतली ती ओळ बदलायला सहादेवने तिला अजून उठवलं नव्हतं.