कमलच्या नावाच्या बैठका

नव्या राज्याच्या पहिल्या स्पर्धेसाठीच्या निवडशर्यतीत कमलनं कोपर मारून सुवार्ताला पाडलं अन् तिची जागा पटकावली. घरी येऊन सुवार्ता धुसफुसली, “चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, वैऱ्यासाठी प्रार्थना करा. मुझसे नहीं होगा, बाबा!” तिचे बाबा, लालबागचे जुने पहिलवान, हसले. “पहिल्या दिवशी बैठका किती मारल्यास?” “चार. पाय लटपटले.” “अन् आता?” “शंभर!” “मग कमलचं नाव प्रभूपुढं आज चारदाच घे. उद्या पाच.” सुवार्तानं दातओठ खात घेतलं, पण दिवस चुकवला नाही. महिन्यानं, शर्यतीच्या तोंडावर, कमलच्या पोटरीत गोळा आला. ती मैदानातच रडत बसली. सर राखीव खेळाडूंकडे वळून ओरडले, “सुवार्ता, तिच्या जागी तू!” सुवार्ता धावली ती थेट कमलकडे. पाय मांडीवर घेऊन तिनं पोटरी चोळली; गोळा सुटला. “तू कशाला...?” कमल पुटपुटली. “पुढच्या वर्षी तुला हरवणारच आहे मी. आता ऊठ अन् पळ!”